माणसं काढून टाकलेलं शहर

आमच्या घरात कॉम्प्युटरला स्वतःची खोली होती, मला नव्हती. खोली म्हणजे भाताची खोली. इंद्रायणीची पोती भिंतीला लागून रचलेली, कोपऱ्यात नाचणीची कणगी, तुळईला बियाण्याच्या मक्याची कणसं टांगलेली, आणि या सगळ्याच्या मधे दादाचं लोखंडी टेबल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पुण्यात कंपनीत लागला आणि तिथल्या खोलीत सहा पोरं आधीच होती, म्हणून कॉम्प्युटर मार्गासनीला, आमच्या गावीच राहिला. वरव्याकडच्या एका कारखान्याने जुनी मशिनं काढून टाकली तेव्हा दादाने तो उचलून आणला होता, म्हणजे आमच्या घरी आला तेव्हाच तो म्हातारा होता. चालू केला की आधी खाकरायचा, मग आतला पंखा रडवेल्या सुरात फिरायला लागायचा, आणि पडदा उजळेपर्यंत माझी कणीक मळून व्हायची. भाताच्या खोलीला एक वास असतो, भुशाचा, गोणपाटाचा, उंदरांचा. त्यात तापलेल्या प्लास्टिकचा वास मिसळला की जे काही होतं, ते माझ्या सतराव्या वर्षाचं अत्तर आहे. अजून कुठे गोदामात गेले की नाकाला ते आधी कळतं आणि मग मला.

मी घरी का होते ते सांगते. आमच्या वाडीवरची एक मुलगी सकाळच्या यष्टीने कॉलेजला गेली ती परत आली नाही. तिने आपल्या मनाने लग्न केलं होतं. ती आता चांगली ऐसपैस झाली आहे, वेल्ह्याच्या बाजारात भेटली की मला बळेबळे चहा पाजते, आणि तिच्यामुळे कुणाकुणाचं काय झालं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगत नाही, तिची त्यात काय चूक. तर त्यावर भावकी देवळात बसली आणि ठरलं की लग्नाच्या पोरींनी यष्टीने कॉलेजला जायचं बंद. माझी अकरावी अर्धी झाली होती. तात्या, माझे वडील, देवळातून आले, पायरीवर चपला काढल्या आणि चपलांकडे बघतच म्हणाले, "उद्यापास्नं न्हाई जायचं, वैशाली. समद्यांचंच तसं ठरलंय." तात्या वाईट नव्हते. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. ते फक्त लोकांना भ्यायचे, आणि लोक म्हणजे आमच्याच आडनावाची दहा-बारा घरं. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

मग दिवस सगळे एकाच मापाचे झाले. शेण, पाणी, भाकऱ्या, धुणं, दुपारी भाताला पाखरं राखायची, संध्याकाळी परत भाकऱ्या. श्रावणात कुर्डूची भाजी, भाद्रपदात भारंगी, ओढ्याला पाणी असेपर्यंत चिंबोऱ्यांचं कालवण. जेवायला आमच्याकडे कधी कमी नव्हतं, उपाशी मारलं म्हणून तक्रार करायची सोयच नव्हती. सकाळी फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजायचा तेव्हा मी बहुतेक चुलीपाशी असायचे. वाडीतली पोरं दप्तरं पाठीला मारून बोंबलत पळायची, त्यांतल्या दोघांना मी गणितं शिकवली होती. यष्टी वळणावर दिसेनाशी झाली की मी पुढची भाकरी थापायला घ्यायचे. मला राग यायचा, भयंकर यायचा, पण तो ठेवायचा कुठे हे कळत नव्हतं.

तो मी भाताच्या खोलीत नेऊन ठेवला. दादा सुट्टीला आला की पेनड्राइव्हवर नव्या गेम आणायचा. पुण्यातली त्याच्या खोलीवरची पोरं ज्या गेम खेळायची त्याच, अगदी ताज्या. त्यांना आमचा कॉम्प्युटर झेपणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा चालू केली तेव्हा चित्र एक पाऊल पुढे सरकलं आणि गोठलं. दादा म्हणाला, सोड नाद. दादा सोडू शकत होता, त्याला रविवारी रात्रीची गाडी होती. मी सोडला नाही. गेमच्या फोल्डरमध्ये एक साधी फाईल असते, वहीसारखी उघडते, आणि तिच्यात ओळीला एक याप्रमाणे सगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. सावली, गवत, धुकं, पाण्यावरची चमक, किती लांबपर्यंत दिसावं, रस्त्यावर किती गाड्या, किती माणसं. प्रत्येकापुढे आकडा. आकडा कमी केला की तेवढं ओझं मशिनच्या डोक्यावरून उतरतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी एकेक आकडा बदलून बघितला. सावल्या गेल्या. गवत गेलं. झाडांची पानं गेली आणि हिरवे ठोकळे राहिले. ढग गेले, आरसे गेले, तोंडांवरचे नाकडोळे पुसट झाले. मग ती बाई चालायला लागली.

बाई म्हणजे मी. सुरुवातीला पुरुष की बाई असं विचारत, मी बाई घेतली होती. समुद्राकाठचं कुठलंसं परदेशी शहर होतं, आणि तिथे तिला फोन यायचे की अमक्याला मार, तमकं पळवून आण. मी ते फोन घेतलेच नाहीत. कामं सांगायला मला घरात माणसं कमी होती का! मी नुसती चालायचे. लांबचं दिसणं कमी केलेलं, त्यामुळे पुढचं घर जवळ गेल्याशिवाय उगवायचं नाही, आणि मला वाटायचं, मी चालते म्हणून शहर तयार होतंय. मशिन तापू नये म्हणून त्याची बाजूची पत्र्याची झडप मी कायमची काढून ठेवली होती आणि समोर टेबलफॅन लावला होता. भुसा आत जायचा तो रोज तात्यांच्या दाढीच्या ब्रशने झाडायचे. लाईट दुपारी येणार की संध्याकाळी हे वीजवाल्यांच्या मर्जीवर, पण आली की कामातून अर्धा तास कसाही चोरायचे. आजचे माझे सहकारी म्हणतात की एवढी जुनी साधनं तुम्ही इतकी कशी चालवून घेता. मी हसते. त्यांना काय सांगायचं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. विळे, कोयते, कुदळी, नांगर, पाण्याची मोटर, तात्यांची दुचाकी, सगळं धुऊन पुसून ओळीने मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडू, आणि नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचं. त्या वर्षी मी झेंडू तोडायला खालच्या वावरात गेले होते. परत आले तेव्हा ओसरीतली पूजा आटोपली होती आणि आई भाताच्या खोलीतून बाहेर येत होती, एका हातात ताम्हण, दुसऱ्यात नारळाची अर्धी वाटी. तिचा चेहरा इतका खूश होता की मला आधी काही कळलंच नाही. मी आत गेले. टेबलावर निरांजन. कॉम्प्युटरच्या उघड्या बाजूतून आत, हिरव्या पाटीवर, पंख्याच्या पात्यांवर, फटीफटीत हळद, कुंकू आणि भिजलेले तांदूळ. नारळाचं पाणी अजून ठिबकत होतं. आणि भिंतीतलं बटण चालू होतं. आत कुठेतरी चट् झालं आणि जळका वास आला.

"आई, हे काय केलंस?"

"पूजा. आवंदा तुज्या हत्याराचीबी केली. म्हनलं, पोरीचं तेवढंच हाय, ते कशाला ऱ्हावं."

"आत? आतमधी कुनी पानी वततं व्हय?"

"आत उघडंच हुतं न्हवं. मोटरीला भाईरनं लावावं लागतं, ह्याचं काळीजच दिसतंय, म्हनलं तितंच लावावं."

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही, गल्लीपर्यंत गेलं असणार. दसऱ्याच्या दिवशी घरात पुरणपोळी झाली, मी शिवले नाही. तात्या म्हणाले, "जाऊ दे, बिघडलं तर बिघडलं. तेवढंच येड कमी." ते ऐकून मला वाटलं की आता या घरात भिंतीच उरल्या. जेवण वाढून झाल्यावर आई भाताच्या खोलीत आली. मी पोत्याला टेकून बसले होते. ती काही समजूत घालायला आली नव्हती, तिने पदर खोचला, चष्मा लावला आणि म्हणाली, "खोल. कसं खोलत्यात ते दाव. वलं भात आपुन वाळवतोच की."

मग आम्ही ते मशिन खोललं. मी वायरी काढत गेले, आई तांदूळ काढत गेली. जिथे माझी नखं पोचत नव्हती तिथे तिने केसातला आकडा घातला. आयुष्यभर सुपात खडे निवडलेल्या बाईला फटीतला दाणा दिसायला काय वेळ लागतो. प्रत्येक भाग काढला की विचारायची, ह्याचं काय काम, आणि मी सांगायचे, हे आठवण ठेवतं, हे हिशोब करतं, ह्याच्यावर चित्र येतं. तिने ते सगळं सुपात मांडलं आणि अंगणात नाचणीच्या कणसांशेजारी उन्हाला ठेवलं, आणि दोन दिवस त्यावरून कोंबड्या हाकलत बसली. जोडून चालू केलं तेव्हा खाकरणं ऐकू आलं आणि आम्ही दोघी एकदम हसलो. पण चित्र दाखवणारं कार्ड गेलं होतं. मशिनच्या मूळ पाटीवर एक साधं भोक होतं, तिथे पडद्याची वायर लावली, पडदा उजळला. गेम मात्र पुन्हा गोठली. आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त गाड्या आणि माणसं. मी फाईल उघडली आणि दोन्हींपुढे शून्य टाकलं.

आई दारातच उभी होती. म्हणाली, "मलाबी दाव की, हाय तरी काय त्यात." मी तिला शेजारच्या पोत्यावर बसवलं. पडद्यावर समुद्राकाठचा रस्ता आला, रुंद, स्वच्छ, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि एकही माणूस नाही. ती बाई चालायला लागली.

"मानसं कुठं गेली?"

"काढून टाकली. मशिनला झेपत न्हाईत."

आईने चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाली, "बरं केलंस."

मला हसू आलं. ती हसत नव्हती. बाई एका चौकात आली तेव्हा आईने हात लांब करून पडद्यावर बोट ठेवलं. "हितनं आत जा. त्या बोळात." गेलो. "आता डावीकडं." गेलो. "हिला कुनी इचारत न्हाई का, कुठं चाललीस म्हनून?"

"न्हाई."

"घरी कोन हाय हिच्या?"

"कुनी न्हाई. खोली हाय एक."

"सैपाक?"

"करतच न्हाई."

आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बया!" त्या दिवशी चुलीवर भात लागला, आमच्या घरात तो कधी लागायचा नाही. तात्यांनी खरपुडीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी लाईट आली तशी आई हात पुसत माझ्या आधी खोलीत हजर. आठवडाभरात ती स्वतः बाण दाबायला शिकली. दोन बोटांनी, ओठ मुडपून, भिंतीवर आपटली की "अगं आई गं" म्हणून दचकायची, जसं काही तिचंच कपाळ आपटलं. आईला इतकं मजेत मी लग्नकार्यातही बघितलं नव्हतं. महिन्याची बचत गटाची बैठक सोडली तर तिची एवढीच एक सवड होती तोवर, आठवड्याचा वेल्ह्याचा बाजार. अंडी आणि भाजी घेऊन जायची, पाटी उतरवून बायकांत बसायची, गावोगावच्या खबरा घेऊन यायची. त्या दिवशी तिची चाल वेगळी असायची.

एका दुपारी तिने बाईला समुद्राच्या भिंतीपाशी उभं केलं आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "तुला जायचंय व्हय, वैशे?" मला वाटलं गेममधलं विचारतेय. तिने पुन्हा विचारलं, "भोरला. कालेजला. नानाकडं ऱ्हाऊन." नाना म्हणजे तिचा भाऊ, माझा मामा, भोरला राहायचा. मी हो म्हणाले.

रात्री जेवताना तिने विषय काढला. तात्यांचा घास हातातच राहिला. "भावकीत ठरलंय अगं. मी कसं मोडू?"

"काय ठरलंय? यष्टीनं जायाचं न्हाई, असंच न्हवं?"

"व्हय."

"मंग ती यष्टीनं न्हाई जायाची. दुधाच्या टेम्पोतनं जाईल. आनि रोजचं येनंजानंबी न्हाई, मामाकडंच ऱ्हानार. मामाच्या घरी पोरीनं जाऊ नये असं देवळात ठरल्यालं मी ऐकलं न्हाई. तुमी ऐकलंय का?"

तात्यांनी घास परत ताटात ठेवला. असल्या युक्तिवादाला भावकीकडे उत्तर नव्हतं हे त्यांनाही कळलं होतं, आणि भावकी तरीही बोलणार हेही. शेवटी ते ताटाकडे बघत म्हणाले, "जाऊ दे तिला. पर मंग तू हितनं हलायचं न्हाई. बाजार बंद, बचत गट बंद. पोरगीबी भाईर आनि आईबी भाईर, मी काय तोंड दावू लोकास्नी? एक कोनतरी घरात दिसाया पायजे." ते हे रागाने म्हणाले नाहीत. आपण फार मोठा मधला मार्ग काढला असं त्यांना खरोखर वाटत होतं.

आई म्हणाली, "बरं."

एवढंच. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तो "बरं" मी घाईने खिशात घातला आणि आत जाऊन कपडे भरायला लागले. सकाळी दुधाच्या टेम्पोत दोन कॅनच्या मधे बसून मी निघाले. आईने फाट्यापर्यंत येऊ नये असं ठरलं होतं, ती दारात उभी राहिली. भोरला नानामामाचं घर बाजारपेठेच्या मागे होतं, मामी प्रेमळ होती, कॉलेज चालायच्या अंतरावर. राहिलेलं अकरावीचं भरून काढलं, बारावी झाले, पुढेही शिकले. त्या दिवसांबद्दल मला इथे लिहायचं नाही. सुटलेल्या माणसाला सांगण्यासारखं फार नसतं, तो आपला भराभर चालत असतो.

दिवाळी झाली, थंडी सरली, आणि पहिली परीक्षा संपली तेव्हा मी न कळवता घरी गेले. दुपारची वेळ होती. तात्या वावरात, अंगण शेणाने सारवलेलं, चूल विझलेली, ओसरीत बाजाराची पाटी उपडी घातलेली. आई कुठे दिसेना. मग भाताच्या खोलीतून तो रडवेला पंखा ऐकू आला. मी दारात जाऊन उभी राहिले. आई टेबलाशी बसली होती, चष्मा नाकावर घसरलेला, दोन बोटं बाणांवर. पडद्यावर रिकाम्या रस्त्यातून ती बाई चालत होती, आणि इतक्या सराईतपणे वळत होती की त्या शहरात जन्म गेल्यासारखी. मी हाक मारली तेव्हा आई दचकली, उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, वाळलीस म्हणाली. पण तिच्या मनात काहीतरी सांगायचं दाटलं होतं. तिने मला पोत्यावर बसवलं आणि पडद्याकडे बोट केलं.

"तुला सांगू का, ह्या गावाला भाईर पडाया वाट न्हाई."

"म्हंजे?"

"म्या समदं बघितलं. डोंगराकडनं गेलं की पाय हलत्यात, पर बाई फुडं सरकत न्हाई. मधी काय दिसतबी न्हाई, आन सरकत न्हाई. मोठ्या रस्त्याला पूल हाय, तितं आडवं लाकूड लावलंय. समुद्रात घातली तर लांब लांब जाती, आन मग बुडती. आन बुडाली की काय हुतं ठावं हाय? पुन्यांदा आपल्या खोलीच्या दारात उभी." ती माझ्याकडे बघत होती. आवाजात रडणं नव्हतं, कुरकुर नव्हती, वावरातलं कुठलं कुंपण कुठे आहे ते सांगावं तसं सांगत होती. "कुटनंबी काढली, तरी पुन्यांदा दारात."

गेम तेवढीच असते, त्यापुढे कुणी काही बनवलेलंच नसतं, हे मला माहीत होतं. ते मी तिला सांगितलं नाही. भोरहून आणलेली पेढ्यांची पुडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने एक पेढा तोंडात टाकला, बोटं पदराला पुसली आणि परत बाणांवर ठेवली.

"आता कुठं निघालीस?" मी विचारलं.

"पुलाकडं," आई म्हणाली. "काल नीट बघितला न्हवता."